बाबांना सांगू नकोस

इंग्रजीत सगळेच ‘अंकल’. मराठीत आधी नातं लावावं लागतं. नवा स्पायडर-मॅन झालेल्या माइल्स मोरालेसचा ॲरन डेव्हिस हा त्याच्या वडिलांचा, जेफरसनचा भाऊ. म्हणजे काका. मीही एका अकरा वर्षांच्या पोराचा काका आहे, तेव्हा ॲरनच्या बाबतीत माझ्याकडून निवाड्याची अपेक्षा करू नका.

स्पायडर-मॅनच्या गोष्टीत काका म्हटलं की आठवतो बेन. देवमाणूस, लवकर जातो आणि पीटरच्या, म्हणजे मूळ स्पायडर-मॅनच्या, जिवाला कायमची टोचणी लावतो. ॲरनचं तसं नाही. ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी २०११ मध्ये माइल्सला आणलं, त्या कॉमिकमध्ये ऑस्बॉर्नच्या प्रयोगशाळेत हात मारणारा ‘प्राउलर’ नावाचा मुखवटाधारी चोर हाच. कोळी येतो त्याच्या बॅगेतून आणि माइल्सला चावतो त्याच्याच घरात. शक्तीसुद्धा चोरीच्या मालातली!

काकाकडे फिरकायचं नाही, अशी जेफरसनची ताकीद. (तोही तरुणपणी काही धुतला तांदूळ नव्हता, पण वेळीच सावरला.) पोरगं तरी चोरून जातंच. बाबांना न सांगता जाण्यातली ती गोडी मला पक्की ठाऊक आहे. पुतण्या माझ्याकडे राहायला आला की रात्री साडेबाराला सिनेमा संपतो आणि वहिनीला मी ‘दहालाच झोपला’ म्हणून कळवतो.

पुढे माइल्सच स्पायडर-मॅन आहे हे ॲरनला कळतं, आणि तेच गुपित तो उलटं फिरवतो. स्कॉर्पियन नावाच्या गुंडाला हटवायला मदत कर, नाहीतर तुझ्या बापाला सांगतो. पुतण्यालाच ब्लॅकमेल! शेवटी त्याचेच यांत्रिक पंजे फुटतात आणि तो मरता मरता म्हणतो, तू अगदी माझ्यासारखाच आहेस. असलं वाक्य कुठला काका ठेवून जातो?

‘इंटू द स्पायडर-व्हर्स’ या २०१८ च्या ॲनिमेशनपटाने त्याला बराच मऊ केला. तिथे महेर्शाला अलीचा आवाज, भुयारात दोघांनी मिळून रंगवलेली भिंत, पोरीशी बोलायला खांद्यावर हात कसा ठेवायचा त्याची शिकवणी. मग छतावरचा प्रसंग. प्राउलरचा पंजा माइल्सच्या गळ्यावर, माइल्स मुखवटा वर करतो. पंजा सैल पडतो. आणि तोच हात मुखवटा अलगद पुन्हा खाली ओढतो, मागून बघणाऱ्या किंगपिनला, त्याच्या गुंड मालकाला, चेहरा दिसू नये म्हणून. पुढच्या क्षणी पाठीत गोळी. पुतण्याने ही जागा तीनदा मागे नेऊन पाहिली. मी काही बोललो नाही. तरी मला कॉमिकमधलाच ॲरन जास्त खरा वाटतो. सिनेमातल्या ॲरनला प्रेक्षक फार लवकर माफ करतात.

‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ या सिनेमात डोनाल्ड ग्लोव्हरने केलेला ॲरन तर जेमतेम दोन-चार मिनिटांचा. शस्त्रं घ्यायला गेलेला माणूस, पण ती आपल्या वस्तीत यायला नकोत, कारण पुतण्या इथेच राहतो. त्याचा हात जाळ्याने गाडीला चिकटवून पीटर निघून जातो आणि डिकीतलं आइस्क्रीम वितळत बसतं. यावर आम्ही दोघंही दरवेळी हसतो.

त्या ॲनिमेशनपटाच्या २०२३ च्या पुढच्या भागाच्या शेवटी माइल्स भलत्याच विश्वात पोचतो. तिथे जेफरसन मेलेला, काका जिवंत आणि प्राउलर झालाय खुद्द तिथला माइल्स. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, मग तिथे हे लपवतात कुणापासून?”

एक वाजून गेला होता. मी टीव्ही बंद केला.