पेनड्राइव्ह सापडला, पण फोल्डर रिकामाच

एका रिकाम्या फोल्डरपायी माझ्या तीन रात्री गेल्या, आणि त्याचा राग अजून आहे.

2020 साली बाबांच्या फोटो स्टुडिओतल्या जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन 10 हे लिनक्स टाकलं. मॉनिटर नाही, डेस्कटॉप नाही. गिऱ्हाइकानं पेनड्राइव्ह लावला की फोटो आपोआप उतरावेत, एवढंच हवं होतं. (डेस्कटॉप असेल तर पेनड्राइव्ह माउंट करायचं, म्हणजे त्यातल्या फाइल एका फोल्डरात दिसतील असा जोडायचं काम तो यूडिस्क्स या सेवेकडून करून घेतो.)

पेनड्राइव्ह लागल्याचं ओळखणं सोपं गेलं. नवं डिव्हाइस लागलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या यूडेव्हचा नियम लिहिला, त्यातल्या ‘रन’मध्ये, म्हणजे कोणता प्रोग्राम चालवायचा त्या ओळीत, माउंट करणारी स्क्रिप्ट दिली. स्क्रिप्ट चालली, एरर नाही. फोल्डर उघडला तर आत काहीच नाही.

पेनड्राइव्ह बदलले, परवानग्या तपासल्या, पुन्हा फॉरमॅट केलं. तीच स्क्रिप्ट हातानं चालवली की सगळे फोटो दिसायचे! तिसऱ्या रात्री स्क्रिप्टलाच माउंटची यादी एका फाइलमध्ये लिहायला लावली. त्या यादीत पेनड्राइव्ह होता, माझ्या टर्मिनलच्या यादीत नव्हता. यूडेव्हचे नियम चालवणारा सिस्टमडी-यूडेव्हडी स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे माउंटच्या स्वतःच्या वेगळ्या यादीसह, चालतो. तिथं माउंट केलेलं बाहेर कुणालाच दिसत नाही. तरीही जुनी मार्गदर्शनं तीच ‘रन’ची ओळ देत राहतात, आणि नवा माणूस तिथंच अडकतो.

मग कॉपीही त्याच स्क्रिप्टमध्ये घातली. लग्नाचे फोटो अर्ध्यावर तुटले. यूडेव्ह एका घटनेला 180 सेकंद देतो, मग प्रोसेस मारून टाकतो. बॅकग्राउंडला ढकलली तरी ती वाचत नाही.

उपाय चार ओळींचा निघाला. नियमात ‘सिस्टमडी वॉन्ट्स’ लावून सिस्टमडीकडून (लिनक्समधल्या सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रामकडून) फक्त एक सर्व्हिस सुरू करायची, डिव्हाइसचं नाव तिला द्यायचं. माउंट आणि कॉपी तिनं करायची. पहिल्यांदा चाललं तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते. मी बाबांना उठवून दाखवलं.

हो, नियम लिहिताना ‘रिमूव्हेबल’ (काढता येणारं) या डिव्हाइसच्या खुणेवर भिस्त ठेवू नका. पेनड्राइव्हला तिथं सहसा 1 असतो, पण यूएसबी हार्डडिस्कला बहुतेकदा 0. त्याऐवजी नियमात ‘सबसिस्टम्स’ यूएसबी आहे का, म्हणजे डिव्हाइस यूएसबीवरून जोडलंय का, ते पाहा. आणि नुसतं वाचायचंच असेल तर रीड-ओन्ली माउंट करा. आमच्याकडे गिऱ्हाईक विचारल्याशिवाय पेनड्राइव्ह उपसतं.