तुम्ही विचारलंत म्हणून: गुलामांची आत्मचरित्रं खरंच त्यांचीच का?

गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची जुनी पुस्तकं वाचायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो. ‘ही खरंच त्यांनी लिहिली का हो? की गुलामगिरी बंद करण्याच्या चळवळीतल्या गोऱ्या मंडळींनी लिहून त्यांच्या नावावर खपवली? आणि प्रचारासाठीच छापली असतील, तर त्यांच्यावर विश्वास किती ठेवायचा?’

हा प्रश्न आजचा नाही. पुस्तकं छापून आली त्याच दिवसापासून तो विचारला जातोय. तेव्हा विचारणारे बहुतेक मळेवाले, गुलामांचे व्यापारी किंवा त्यांची बाजू घेणारे होते. लिहिणाऱ्यांना हे आधीच ठाऊक होतं. त्यामुळे मजकुराइतकंच त्याच्या भोवतीचं सगळं वाचायला हवं: शीर्षकपान, प्रस्तावना, तळटिपा, परिशिष्टं. उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

गुलामगिरीतून सुटलेल्या ओलाउदा इक्वियानोचं आत्मचरित्र १७८९ मध्ये लंडनला निघालं. शीर्षकपानावर त्याची दोन्ही नावं आहेत: इक्वियानो हे स्वतःचं आणि गुस्टाव्हस वासा हे मालकाने दिलेलं. खाली ‘स्वतः लिहिलेले’ असं स्पष्ट छापलंय, आणि पुस्तक लेखकासाठी छापलं असून तोच विकतो असं सांगून त्याच्या घराचा पत्ताही दिलाय. म्हणजे हक्क त्याच्याकडे, विक्री त्याच्याकडे. पैसा उभा केला तो आगाऊ वर्गणीतून. पहिल्या आवृत्तीत ३११ वर्गणीदारांची नावं आहेत आणि यादी खुद्द इंग्लंडच्या युवराजापासून सुरू होते. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत आश्रयदात्यांची यादी असे, तसलाच हा प्रकार. पण इथे ती साक्षीदारांच्या यादीसारखी उभी आहे. एवढी प्रतिष्ठित माणसं मागे असताना हा माणूसच अस्तित्वात नाही, असं कोण म्हणणार?

तरी शंका काढल्या गेल्याच. १७९२ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांनी छापलं की हा आफ्रिकेत नाही, वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर जन्मला. त्याने पुढच्या आवृत्तीत वाचकांच्या नावे पत्र छापून उत्तर दिलं. खरी अडचण पुढे दोनशे वर्षांनी आली. १७५९ ची बाप्तिस्म्याची नोंद आणि १७७३ ची एका जहाजावरच्या खलाशांची यादी, दोन्हींत त्याचा जन्म अमेरिकेतल्या कॅरोलायनातला असल्याचं अभ्यासकांना दिसलं. यावर आजही दोन तट आहेत. एक गट म्हणतो, आफ्रिकेतलं बालपण आणि गुलामांच्या जहाजावरचा प्रवास त्याने इतरांकडून ऐकून लिहिला. दुसरा म्हणतो, बाप्तिस्म्याच्या वेळी तो जेमतेम बारा वर्षांचा होता, त्या नोंदीतला शब्द कुणी सांगितला हे आधी बघा. मला दुसऱ्या गटाचं म्हणणं जास्त पटतं. पण पहिल्यांचं खरं धरलं तरी पुस्तकाचा बाकीचा भाग कागदपत्रांशी जुळतो, हे विसरू नये.

त्याच भागातली एक जागा पाहा. मालकाच्या जहाजावर काम करत असताना त्याच्याकडे स्वतःचे म्हणून तीन पेन्स होते. सेंट युस्टेशियस बेटावर त्याने त्यात काचेचा एक पेला घेतला आणि माँटसेरातला सहा पेन्सना विकला. पुढच्या खेपेला दोन पेले. असं करत करत १७६६ मध्ये त्याने ४० पौंड मोजून स्वतःला विकत घेतलं.

इथे नवा वाचक हमखास अडखळतो. पुस्तकात मुक्तिपत्र जसंच्या तसं छापलंय आणि त्यात ७० पौंडांचा आकडा आहे. मग ४० खरे की ७०? दोन्ही खरे. चाळीस हे इंग्लंडचे, स्टर्लिंगचे. सत्तर हे बेटाच्या चलनाचे, आणि मुक्तिपत्रात ते तसं लिहिलेलंही आहे. वेस्ट इंडीजच्या जवळजवळ प्रत्येक बेटाचा हिशोबी पौंड वेगळा होता आणि स्टर्लिंगपेक्षा हलका होता. जुने आकडे वाचताना पौंड कुठला हे आधी विचारलं नाही, तर लेखकच खोटारडा वाटायला लागतो.

मेरी प्रिन्स या गुलाम बाईच्या पुस्तकात हीच गोष्ट तळटिपेत आहे. बर्म्युडात तिचा लिलाव झाला. बोली थोड्या पौंडांपासून सुरू होऊन सत्तावन्नपर्यंत चढली, असं ती सांगते. खाली संपादकाची टीप: हे बर्म्युडाचं चलन, स्टर्लिंगमध्ये सुमारे अडतीस. एखाद्या पोरीची किंमत आणि तिचा विनिमय दर, एकाच पानावर.

मेरीचं पुस्तक मात्र ‘स्वतः लिहिलेले’ नाही. आपण ज्याला शब्दांकन म्हणतो, ते आहे. १८२८ मध्ये मालक वुड तिला अँटिग्वाहून लंडनला घेऊन आला आणि तिथे ती त्याचं घर सोडून बाहेर पडली. इंग्लंडमध्ये तिला जबरदस्तीने परत नेणं शक्य नव्हतं, पण अँटिग्वात पाऊल टाकलं की ती पुन्हा गुलाम होणार, असा तेव्हाचा न्याय होता. नवरा तिकडे, ती इकडे. पैसे देऊ केले तरी वुड तिला मुक्त करायला तयार नव्हता. शेवटी तिने आपली हकीकत सांगितली, सुझॅना स्ट्रिकलंड या तरुणीने ती उतरवून घेतली, आणि गुलामगिरीविरोधी संस्थेचा सचिव थॉमस प्रिंगल याने संपादन करून १८३१ मध्ये छापली. त्याच वर्षात तीन आवृत्त्या निघाल्या.

प्रस्तावनेत प्रिंगल आपली पद्धत सांगतो. आधी सगळं तिच्या तोंडून, पुनरुक्तीसकट, लिहून घेतलं. मग छाटलं आणि व्याकरणापुरतं नीट केलं. महत्त्वाची एकही बाब गाळली नाही, पदरची एकही घातली नाही.

यातलं ‘घातली नाही’ मी मान्य करते. मिठागरांचं वर्णन वाचून पाहा. टर्क्स बेटावर पहाटे चारपासून गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून फावड्याने मीठ ओढायचं. नऊ वाजता उकडलेला मका घाईघाईने गिळायचा आणि पुन्हा पाण्यात. पाय फोडांनी भरायचे, आणि काहींचे फोड हाडापर्यंत चरत जायचे. लंडनच्या दिवाणखान्यात बसून कुणाला हे सुचणार नाही. अंगावरचे माराचे वण खोटे म्हणणाऱ्यांसाठी पुढच्या आवृत्तीत प्रिंगलच्या बायकोचं पत्र जोडलंय. मेरीची पाठ तिने स्वतः पाहिली होती.

‘गाळली नाही’ हे मात्र खरं नाही. पुस्तकावरून १८३३ मध्ये कोर्टात खटले झाले. त्यांपैकी एक वुडने प्रिंगलवर बदनामीचा लावला होता आणि तो वुडने जिंकलाही. साक्षीत मेरीने सांगितलं की अँटिग्वात लग्नाआधी अ‍ॅबट नावाच्या एका गोऱ्या कॅप्टनबरोबर आपण सात वर्षं राहत होतो, आणि हे आपण लिहून घेणाऱ्या बाईंना सांगितलं होतं. पुस्तकात त्याचा मागमूस नाही. चर्चला जाणाऱ्या इंग्रज बायका या पुस्तकाच्या वाचक होत्या. त्यांना हे कळलं असतं तर मेरीच्या बाकीच्या बोलण्यावरही त्यांनी विश्वास ठेवला नसता, अशी भीती संपादकांना वाटली असणार. अशा शब्दांकनात खोट सापडलीच, तर ती बहुधा भर घातल्याची नसते, काढून टाकल्याची असते. मेरीला लाज वाटली म्हणून तिने लपवलं, असं मात्र कुणी म्हणू नये. तिने सांगितलं होतं, ते दुसऱ्यांनी झाकलं.

प्रचाराच्या साहित्याचंही तसंच. ब्रुक्स या गुलाम वाहून नेणाऱ्या लिव्हरपूलच्या जहाजाचं चित्र तुम्ही पाहिलं असेल: तळमजल्यावर हारीने झोपवलेल्या माणसांच्या छोट्या काळ्या आकृत्या. १७८८ च्या डिसेंबरात प्लिमथच्या गुलामव्यापारविरोधी समितीने ते पहिल्यांदा छापलं, पुढच्या वर्षी लंडनच्या समितीने वाढवून. बघणाऱ्याला वाटतं, अतिशयोक्ती असणार. मापं मोजून घेतली तर उलटंच निघतं. सरकारनेच पाठवलेल्या नौदलाच्या अधिकाऱ्याने जहाज मोजलं होतं. त्या मापांवर पुरुषाला ६ फूट लांब आणि १ फूट ४ इंच रुंद जागा धरली, बाईला ५ फूट १० इंच लांब आणि तितकीच रुंद, मुलग्याला ५ फूट बाय १ फूट २ इंच, मुलीला साडेचार फूट बाय १ फूट. असं चिकटून चिकटून मांडलं तरी लंडनच्या चित्रात ४८२ आकृत्याच बसल्या. गुलामांच्या जहाजांवरची गर्दी आवरणाऱ्या १७८८ च्या कायद्याने त्या जहाजाला ४५४ माणसं न्यायची मुभा होती. आणि कायद्याआधीच्या एका फेरीत त्याने प्रत्यक्षात ६०९ माणसं नेली होती: ३५१ पुरुष, १२७ बायका, ९० मुलगे, ४१ मुली. चित्रात मावली नाहीत इतकी माणसं जहाजात कोंबली होती. चळवळवाल्यांनी मुद्दाम कमी दाखवलं, कारण एक आकडा जरी चुकला तरी संसदेत मळेवाल्यांचे वकील सगळाच पुरावा फेकून देतील हे त्यांना पक्कं माहीत होतं.

अमेरिकेत गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसचं पुस्तक १८४५ मध्ये बॉस्टनला निघालं. त्यात दोन गोऱ्या पुढाऱ्यांची शिफारस सुरुवातीलाच आहे, आणि आजच्या वाचकाला ती खटकते. ती नसती तर तेव्हा पुस्तक कुणी उघडलं नसतं. डग्लस सभांत इतकं उत्तम बोलायचा की हा कधी गुलाम होता यावरच लोक शंका घ्यायचे. म्हणून त्याने मालकांची, मुकादमांची, गावांची खरी नावं छापली. त्यावर त्याच भागात राहिलेल्या एका गोऱ्याने वर्तमानपत्रात लिहिलं की हा फ्रेडरिक बेली (डग्लसचं गुलाम असतानाचं नाव) मला ठाऊक आहे, तो असलं पुस्तक लिहिणं शक्य नाही. डग्लसने त्याचे मनापासून आभार मानले: मी तिथलाच, तोच माणूस, हे आता माझ्या विरोधकानेच सिद्ध केलं!

खऱ्या नावांची किंमत होतीच. पकडून नेतील म्हणून तो ब्रिटनला गेला, आणि तिथल्या मित्रांनी १५० पौंड जमवून १८४६ मध्ये त्याची मुक्तता विकत घेतली.

या पुस्तकात एक भोक आहे आणि लेखक ते स्वतः दाखवतो. पळून कसा आलो हे सांगणार नाही, सांगितलं तर मदत करणारे अडकतील आणि मागच्यांची वाट बंद होईल, असं तो लिहितो. ती हकीकत १८८१ च्या आत्मचरित्रात सविस्तर आली. ३ सप्टेंबर १८३८ ला खलाशाचा वेष करून तो बाल्टिमोरहून गाडीत बसला. खिशात एका खलाशी मित्राचं ओळखपत्र होतं, आणि त्यातलं वर्णन त्याच्याशी मुळीच जुळत नव्हतं. कंडक्टरने कागदावरचा अमेरिकेचा गरुड पाहिला आणि तो पुढे गेला. कागद नीट वाचला असता तर डग्लस तर गेलाच असता, तो मित्रही गेला असता. तेव्हा अशा पुस्तकांत एखादी जागा कोरी दिसली तर ‘लपवतोय’ म्हणण्याआधी, सांगितल्याने कोण मेलं असतं, हे विचारा.

अमेरिकेतल्याच हॅरिएट जेकब्ज या पळालेल्या गुलाम बाईवर सर्वांत मोठा अन्याय झाला. तिचं पुस्तक १८६१ चं, टोपणनावाने, माणसांची नावं बदललेली. आजीच्या घराच्या माळ्यावर ९ फूट लांब, ७ फूट रुंद आणि जास्तीत जास्त ३ फूट उंच अशा जागेत ती जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. हे इतकं अशक्य वाटलं की पुढे कित्येक अभ्यासकांनी पुस्तक कादंबरीच ठरवलं आणि ते संपादिकेच्या खाती टाकलं. जीन फेगन येलिन या संशोधिकेने जेकब्जची हस्तलिखित पत्रं आणि तिकडचे दप्तरातले कागद जुळवून १९८७ च्या आवृत्तीत एकेका पात्राचं खरं नाव समोर ठेवलं. मालकाने १८३५ मध्ये वर्तमानपत्रात दिलेली जाहिरातही आहे: हॅरिएट, वय २१, उंची ५ फूट ४ इंच, धरून देणाऱ्यास १०० डॉलर. तिला परत मिळवण्यासाठी दिलेली ती जाहिरात आज तिच्याच बाजूने साक्ष देते.

पडताळा घ्यायचा तर तो असाच घ्यावा लागतो. मालकांचे कागद उघडायचे: फरारींच्या जाहिराती, विक्रीखतं, जमैकात १८१७ पासून दर ३ वर्षांनी भरलेली गुलामांची नोंदणीपुस्तकं, आणि ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवणाऱ्या १८३३ च्या कायद्यानंतर मालकांना (गुलामांना नव्हे) वाटलेल्या २ कोटी पौंडांचे दावे. हे सगळे कागद मालकांच्या सोयीसाठी लिहिलेले आहेत. म्हणूनच ते आत्मचरित्राशी जुळले की शंकेला जागा राहत नाही.

१८३३ चा तो कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला लागू नव्हता, हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं. इथे १८४३ चा कायदा आला. त्याने गुलामावरचा हक्क कोर्टात चालेनासा केला, पण माणूस विकत घेणं गुन्हा ठरलं ते १८६० च्या दंडसंहितेतल्या ३७० व्या कलमाने. पेशवे दप्तरात कुणबिणी आणि बटकी (म्हणजे गुलाम बायका) यांच्या खरेदीचे आणि कामांचे कागद आहेत. मेरी प्रिन्ससारखं एखाद्या कुणबिणीचं शब्दांकन मात्र कुणी छापलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना मुक्त करण्याचं काम केलं त्यांना अर्पण केली. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. तिकडची ही लढाई पुण्यात किती जवळून पाहिली जात होती, ते त्या अर्पणपत्रिकेत दिसतं.

सुरुवात मेरी प्रिन्सपासून करा. मूळ हकीकत एका बैठकीत वाचून होते. फक्त १८३१ चा परिशिष्टांसकटचा मजकूर मिळवा. नुसती हकीकत छापणाऱ्या स्वस्त आवृत्त्या टाळा, त्यांत मालकाचं पत्र, त्याला प्रिंगलने दिलेलं उत्तर आणि वणांबद्दलचं पत्र गळालेलं असतं. आधी मेरीचा मजकूर, मग तळटिपा, मग परिशिष्टं, आणि सगळ्यांत शेवटी प्रस्तावना. आधी प्रिंगलला ऐकलंत तर पुढे मेरीच्या वाक्यांतही त्याचाच आवाज ऐकू येत राहतो.