इंजिन चालते, पण बॅटरी चार्ज होत नाही

पावसाळी बंदी उठून होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या की मालवण ते देवबाग या पट्ट्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. इंजिन उत्तम चालते, पण बॅटरी चार्ज होत नाही. रात्रभर चार्जरवर ठेवलेली बॅटरी दुपारपर्यंत उतरते आणि बटणावर सुरू होणारे आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेले) इंजिन दोरी ओढून सुरू करावे लागते. अशा वेळी पहिला संशय रेक्टिफायरवर, म्हणजे इंजिनाची वीज बॅटरीला चालेल अशी करणाऱ्या भागावर, घेतला जातो आणि तो लगेच बदललाही जातो. विजेचा सुटा भाग एकदा बसवला की दुकानदार सहसा परत घेत नाही, त्यामुळे निदान चुकले तर तो खर्च वाया जातो. म्हणून माझे ठाम मत असे आहे की मल्टिमीटर (व्होल्टेज आणि रोध मोजणारा मीटर) लावल्याशिवाय एकही भाग बदलू नये, आणि तपासणी बॅटरीपासून सुरू करून इंजिनाकडे जावे.

चार्जिंगची रचना मुळात साधी आहे. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, आतल्या बाजूला चुंबक बसवलेले असतात आणि ते स्टेटरच्या, म्हणजे स्थिर भागाच्या, कॉइलभोवती फिरतात. कॉइलमध्ये तयार होणारी वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, असते. रेक्टिफायर तिचे डीसीत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, रूपांतर करतो आणि मोठ्या इंजिनांत त्याच डबीतला रेग्युलेटर व्होल्टेज मर्यादेत ठेवतो. तिथून वीज फ्यूजमधून बॅटरीच्या पॉझिटिव्हकडे जाते आणि निगेटिव्हच्या वायरने इंजिनाकडे परतते. या वाटेवरचा प्रत्येक सांधा खाऱ्या हवेत असतो, हे ध्यानात ठेवले की शोध कुठे घ्यायचा ते आपोआप कळते.

इंजिन काही तास बंद असताना बॅटरीच्या थेट खांबांवर मीटर लावावा. साध्या लेड-अॅसिड बॅटरीत १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पूर्ण चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकत असेल तर एक सेल गेलेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि मग इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही. यानंतर होडी पाण्यातच ठेवून इंजिन सुरू करावे आणि मिनिटाला सुमारे दोन हजार फेऱ्यांवर आणावे. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला तर चार्जिंग होत आहे. तो होता तिथेच राहिला किंवा घसरला तर होत नाही. तो १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर काम करत नाही आणि बॅटरीतले पाणी उकळून उडणार आहे. या दोषाकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण इंजिन बटणावर झटकन सुरू होत असते.

आता ज्या तपासणीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, तिच्याकडे वळतो. गेल्या हंगामात शेजारच्या एका पर्यटक होडीचे इंजिन पाहण्यासाठी मला बोलावले होते. मेकॅनिकने नवा रेक्टिफायर आणायला सांगितले होते आणि होडीमालकाने विचारले, "दादा, आणू की थांबू?" इंजिन बंद असताना सगळीकडे बारा व्होल्टच्या वरचा आकडा येत होता, म्हणून वायर ठीक आहेत असे सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायरीतल्या बहुतेक तारा कुजून एखादीच उरली असली तरी मीटरला ती पुरते आणि आकडा पूर्ण दिसतो. खरा करंट वाहू लागला की तीच वायर व्होल्टेज खाते. म्हणून इंजिन चालू ठेवून मीटरची लाल पिन रेक्टिफायरच्या पॉझिटिव्ह आउटपुटवर आणि काळी पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर लावली. इथे ०.२-०.३ व्होल्टपेक्षा अधिक फरक असू नये. मीटर एक व्होल्टहून जास्त दाखवत होता. फ्यूजच्या धारकापाशी असलेल्या लगवरचे (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडावरचे) रबरी आवरण बाहेरून अगदी नवे दिसत होते, पण ते कापल्यावर आत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या निघाल्या आणि लगच्या तोंडाशी हिरवा थर चिकटला होता. काळी पडलेली वायर स्वच्छ तांबे लागेपर्यंत मागे कापली, कथिलाचा मुलामा असलेला नवा लग दाबून बसवला आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. बॅटरीवर आकडा चौदापर्यंत आला आणि जुना रेक्टिफायर जागेवरच राहिला. हीच मोजणी निगेटिव्ह बाजूलाही, इंजिनाचा धातू आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब यांच्यात, करायला विसरू नये.

वाट स्वच्छ असूनही चार्जिंग होत नसेल तरच स्टेटरकडे जावे. इंजिन बंद करून त्याच्या वायर रेक्टिफायरपासून सोडवाव्यात. त्या दोन असतील किंवा तीन, त्यांच्यातला रोध फारच कमी असतो, नेमका आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. आणि त्यांपैकी कोणतीही वायर सहसा इंजिनाच्या धातूशी जोडलेली आढळू नये. मग इंजिन चालवून त्या वायरींमध्ये एसी व्होल्ट मोजावेत. फेरे वाढवले की आकडा वाढला पाहिजे, आणि तीन वायर असतील तर तिन्ही जोड्यांत तो जवळपास सारखाच आला पाहिजे. स्टेटर या कसोटीला उतरला आणि बॅटरीपर्यंतची वाटही चांगली निघाली, तर रेक्टिफायर बदलण्याचा निर्णय योग्य आहे. फिरत्या फ्लायव्हीलजवळ सैल बाह्यांचा शर्ट आणि लोंबणारी वायर या दोन्ही गोष्टी ठेवू नयेत.

नवा रेक्टिफायर बसवण्याआधी जुना का जळला हे शोधलेच पाहिजे. बॅटरीचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह क्षणभर जरी उलटे लागले तरी रेक्टिफायरमधले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जातात. इंजिन चालू असताना बॅटरीची जोडणी सुटली तरीही तेच घडते, आणि ती सुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे हाताने आवळलेले विंग नट, जे लाटांच्या हादऱ्यांनी ढिले होतात. त्यांच्या जागी नायलॉनची कडी असलेले साधे नट पान्याने आवळावेत. बॅटरीचा मेन स्विचही इंजिन चालू असताना कधीच बंद करू नये.

काही वेळा मात्र कुठलाच दोष सापडत नाही, कारण दोष नसतोच. लहान इंजिनांची चार्जिंग कॉइल पूर्ण वेगातही जेमतेम सहा ते दहा अँपिअर देते आणि मंद चालीवर त्याचा थोडासाच भाग हाती येतो. डॉल्फिन दाखवायला नेणारी होडी मंद चालते, वारंवार थांबते, प्रत्येक वेळी स्टार्टर वापरते, आणि त्यातच जीपीएस, दिवे व गाण्यांचा अॅम्प्लिफायर मिळून सहा-सात अँपिअर ओढत असतात. बॅटरीतून तीस अँपिअर-तास खर्च झाले असतील तर सहा अँपिअरच्या कॉइलला ते भरून काढायला पूर्ण वेगात पाच तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ अशी होडी दिवसभरात कधीच पूर्ण वेगाने धावत नाही. अशा होडीवर अॅम्प्लिफायरसाठी वेगळी बॅटरी ठेवून ती रोज रात्री घरी चार्ज करावी, आणि इंजिनाच्या बॅटरीवर स्टार्टर, दिवे आणि जीपीएस एवढाच भार ठेवावा.