नव्याच्या सणाचा हलवा आणि आजीची वाटी

रविवार, दिमोना, इस्रायल

सकाळी अर्धा किलो गहू भिजत घातले. शुक्रवारी संध्याकाळी नव्याचा सण, म्हणजे आम्हा ज्यूंचं नवं वर्ष, लागतो. त्याचं हिब्रू नाव रोश हशाना, पण तो शब्द आजीच्या तोंडी कधी बसलाच नाही. तिच्या वर्षात खिरीचा सण यायचा, दारफळणीचा यायचा, बिरड्याचा यायचा. सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, ती शेवटपर्यंत मशीदच म्हणाली, कोकणातले आणि मुंबईतले बेने इस्रायली, म्हणजे आम्ही मराठी ज्यू, म्हणत आलो तशी.

ती रेवदंड्याची, शनवार तेल्यांच्या घरातली. आपल्या लोकांचे तेलाचे घाणे शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद असत म्हणून गाव त्यांना त्या नावाने ओळखायचं. आजी म्हणायची, "शनिवारी बैलालाही सुट्टी, तोरातच लिहिलंय." तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ. हे सांगताना तिचा चेहरा खुलायचा.

गव्हाचं पाणी रेवदंड्याला दिवसातून एकदा बदललं तरी भागायचं. पावसाळा सरत आलेला, हवा गार. इथे नेगेवच्या वाळवंटात या दिवसांत पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावंच लागतं. एक वेळ चुकली की फेस येतो, आणि तो आंबूस वास मग वेलचीनेही झाकत नाही. तीन दिवसांनी दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर यायला हवं. नुसता मऊ झाला म्हणून वाटायची घाई करू नये.

बुधवार

गहू वाटले. थोडं थोडं पाणी घालत, मिक्सर थांबवत थांबवत. भांडं तापलं तर वाटणातलं सत्त्व चिकट होतं आणि गाळायला जड जातं. आधी चाळणी, मग मलमलचं फडकं, दोनदा. कोंड्याचा कण राहिला तर हलवा दाताखाली कचकचतो. चोथ्यात पुन्हा पाणी घालून पिळायचं, त्यात बराच चीक अडकलेला असतो. महाराष्ट्रात कुरडया करणाऱ्यांना हे सगळं ठाऊकच आहे.

आता रात्रभर पातेलं हलवायचं नाही.

आजी १९६३ मध्ये मुंबईहून इथे आली तेव्हा दिमोना हे आठ वर्षांचं गाव होतं. आदल्याच वर्षी देशातल्या वरिष्ठ धर्मगुरूंचा आदेश निघाला होता: बेने इस्रायली माणसाचं दुसऱ्या ज्यू घरात लग्न ठरलं, तर आधी त्याच्या आई-वडिलांची, आजी-आजोबांची आणि त्यामागची वंशावळ तपासा. शतकानुशतकं सुंता, शब्बाथ आणि शमा इस्राएल ही प्रार्थना सांभाळणाऱ्यांना हा प्रश्न! १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसली, ऑगस्टमध्ये क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, चर्चा झाली आणि नंतर आदेशातून बेने इस्रायल हे नाव काढावं लागलं. आजी त्यावर फार बोलत नसे. पण घरात कुणाचंही लग्न ठरलं की मलिदा ती स्वतः करायची: पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची, वर खजूर आणि केळी. खजूर झाडाचं फळ आणि केळं जमिनीचं, कारण दोन्हींवर म्हणायचे आशीर्वाद वेगळे. मग एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घ्यायचं. मला वाटतं, तिचं उत्तर ते होतं.

गुरुवार

वरचं पिवळट पाणी हलक्या हाताने ओतून दिलं. खाली घट्ट पांढरा चीक, तिच्या पितळी वाटीने बरोबर दोन वाट्या. त्याला सहा वाट्या नारळाचं दूध, तीन वाट्या साखर, चिमूटभर मीठ. गाईचं दूध नाही, कारण सणाच्या जेवणात मटण असतं आणि मांसानंतर दुधाचं चालत नाही. कोकणात नारळ दारातच होता, त्यामुळे कोशर, म्हणजे खाण्याचे हे नियम, पाळणं तिला कधी जड गेलं नाही.

इथे सुरुवातीची वर्षं ताजा नारळ मिळायचा नाही. ती पाकिटातला सुका कीस गरम पाण्यात अर्धा तास भिजवून दोनदा पिळायची. आता डब्यातलं दूध मिळतं, पण ते फुटू नये म्हणून त्यात काहीबाही घातलेलं असतं, त्यामुळे तेल लवकर सुटत नाही. तेलाची वाट पाहत बसलं तर हलवा रबरासारखा होतो. ताजा नारळच घ्यावा, मोठे तीन.

सगळं गार असतानाच एकत्र कालवायचं, गुठळी मोडायची, मगच जाड बुडाचं पातेलं मंद आचेवर चढवायचं. आच मोठी झाली तर दूध फाटतं. पहिली वीस मिनिटं काहीच होत नाहीसं वाटतं, मग एकदम आळायला लागतं. तिथे हात थांबला की तळाला धरलंच. पुढे तासभर तरी ढवळणं आहे. उलथनं बुडाला टेकवूनच फिरवायचं. गोळा कडा सोडून उलथन्याभोवती फिरायला लागला की थोडा गार पाण्यात टाकून बघायचा. बोटाला चिकटला नाही की झालं. वेलची आणि गुलाबी रंग शेवटी.

ताटाला आधीच तेलाचा हात फिरवून ठेवला होता. ओतलं, थापलं, वर बदामाचे काप दाबले. इथल्या कोरड्या हवेत वर साय धरते, म्हणून ताटाला लागणार नाही असं ओलं फडकं वर ताणून ठेवलं. वड्या उद्या दुपारी, दिवे लावायच्या आधी. वाटी धुऊन फळीवर पालथी ठेवली आहे.