तुम्ही विचारलंत म्हणून: नववीला ‘शारदा’ कशासाठी?

“पुस्तकात कविता असताना रसग्रहण शिकवायला ‘संगीत शारदा’ कशाला?” पालक विचारतात, सहशिक्षकही विचारतात. गोविंद बल्लाळ देवलांचं हे संगीत नाटक; त्यात शारदा या कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरवलं जातं. गाणी लावून तास काढता, असा त्यामागचा सूर असतो.

कवितेच्या उत्तरात ‘कवी म्हणतो’ लिहून मुलं सुटतात. नाटकातल्या पदात कोण म्हणतंय, कुणाला, आणि ऐकणारीवर काय गुदरतंय, हे सांगावंच लागतं.

‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ घ्या. शारदेला चिडवणाऱ्या मैत्रिणीच्या तोंडचं हे पद आधी नुसतं वाचायचं. पाऊणशे म्हणजे पंच्याहत्तर, हे सांगून टाकायचं. नाहीतर ‘अवघे’मधला उपरोध हातात येत नाही. मग क्रियापदांखाली रेघा: दातांचं ठाणं उठलं, डोळे रुसले, मान ‘नन्ना’ म्हणते. चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं दाखवणारा अलंकार, हे नाव सगळ्यांत शेवटी. आधी सांगितलं की मुलं तेवढंच लिहून पेन ठेवतात. विचारायचं ते असं: इथे ‘नाही’ कोण म्हणतंय? म्हाताऱ्याची मान! शारदेला ती मुभा कुठे आहे? इथवर यायला वीस मिनिटं लागतात. चाल त्यानंतर.

पूर्वी मी चालीनंच सुरुवात करायचे. गोडी लागते, हा माझा युक्तिवाद. गोडी लागायची ती चालीची. वर्ग ताल धरायचा आणि वहीत एकच वाक्य यायचं, ‘हे पद विनोदी आहे.’ तुमचा आक्षेप तेव्हा खरा होता.

पण खरी चूक दुसरी. लग्न मोडतं ते भुजंगनाथ आणि शारदा सगोत्र, म्हणजे एकाच गोत्राचे, निघतात म्हणून; असं लग्न शास्त्राला मान्य नाही. एका मुलानं विचारलं, “गोत्र वेगळं असतं तर?” तास संपायला पाच मिनिटं होती. “तो काळच तसा होता,” म्हणून मी पुढे गेले. पुढच्या चाचणीत ‘शेवट पटतो का?’ या प्रश्नाला बहुतेकांनी माझंच वाक्य उतरवलं. त्यानंही. कुणी शेवटचा प्रवेश उघडला नव्हता. १८९९ साली देवलांनी लग्न मोडायला शास्त्राचाच आधार का घेतला? प्रेक्षकांना पचावं म्हणून, की शारदेचा नकार तिथे कुणी मोजलाच नसता, हेच दाखवायला? दोन्हींसाठी संहितेत आधार शोधता येतो. तेच तर विश्लेषण होतं, आणि मी ते एका वाक्यात मिटवलं.

आता तो प्रश्न तिसऱ्या तासाला फळ्यावर असतो. अट एकच: प्रत्येक मतामागे संहितेतली एक ओळ. ‘समाजप्रबोधन’ हा शब्द वापरायचा नाही. १९२९चा बालविवाहविरोधी ‘शारदा कायदा’ या नाटकाच्या नावानं झाला, असंही लिहायचं नाही. ते नाव त्याचं विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडांचं.

तरी अडतंच. चौथा तास लागतो, पुस्तकातला एक पाठ मागे पडतो. शेवट आधी सांगून ठेवावा की मुलांना स्वतः अडखळू द्यावं, हेही माझं दरवर्षी बदलतं. यंदा सांगणार नाहीये.