रॅमचा रिकामा स्लॉट

फोंड्यात संगणक विक्री आणि दुरुस्तीचे दुकान चालवताना जून-जुलैचे दिवस माझ्यासाठी सर्वांत धावपळीचे असतात, कारण फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळालेली मुले त्याच सुमारास पालकांना घेऊन लॅपटॉप पाहायला येतात. गेल्या जुलैतील एका दिवसाची आठवण मात्र वेगळी आहे.

त्या सकाळी दुसऱ्या वर्षाला गेलेला एक मुलगा आपला लॅपटॉप घेऊन आला होता. वर्षभरापूर्वी ऑनलाईन सेलमध्ये स्वस्तात मिळालेला तो लॅपटॉप आता सुरू व्हायलाच पाच मिनिटे घेत होता, म्हणून रॅम, म्हणजे चालू कामासाठी लागणारी मेमरी, वाढवून द्या, एवढेच त्याचे मागणे होते. मी मागचे स्क्रू काढले, प्लास्टिकच्या पट्टीने कडा सोडवून झाकण उचलले आणि थांबलो. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण, दोन्हींच्या चिप्स मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच, सोल्डर करून कायमच्या जोडलेल्या होत्या. जादा रॅम बसवायची खाच, म्हणजे स्लॉट, नावाला एकही नव्हता. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरज नेमकी एवढीच आहे, त्यामुळे खोक्यावरचा मजकूर खोटा म्हणता येत नव्हता. पण अपडेट उतरवायलाही जागा उरली नव्हती. त्या मुलाला हे सांगताना मला फार वाईट वाटले.

लॅपटॉप तसाच उघडा असताना वाळपईहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलीला सिव्हिलला प्रवेश मिळाला होता. काजूच्या हंगामाचे पैसे त्यांनी यासाठीच बाजूला ठेवले होते. ते म्हणाले, "मेव्हण्याने सांगितलंय, आय-सेव्हन आणि गेमिंगचाच घ्या, म्हणजे चार वर्षं बघायला नको."

मी मुलीला विचारले, "बाय, हॉस्टेलला राहणार की घरून ये-जा करणार?" ती म्हणाली, "घरून. रोज बसने."

मग मी तिच्याच बॅगेत आधी गेमिंग लॅपटॉप त्याच्या चार्जरसकट ठेवला. लॅपटॉप २.३ किलोचा, चार्जर अर्ध्या किलोहून जास्त, आणि वर्गात चार्जर न लावता दिवस काढणे त्याच्या बॅटरीला जमणारे नाही. बॅग खांद्याला लावताच तिचा तो खांदा खाली गेला, हे वडिलांनीही पाहिले. नंतर १४ इंचांचा, दीड किलोहून हलका लॅपटॉप ठेवला. ऑटोकॅडच्या आराखड्यांना आणि पहिल्या दोन वर्षांच्या कामाला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पुढे रेव्हिट हे इमारतींच्या डिझाईनचे सॉफ्टवेअर वापरावे लागले तर ते फक्त विंडोजवर चालते आणि त्याला रॅम जास्त लागते, म्हणून माझे सगळे लक्ष रॅमवर होते.

प्रोसेसरचे 'आय-सेव्हन' हे नाव ऐकून विश्वास ठेवणाऱ्या पालकांना मी नेहमी पुढचे आकडे वाचून दाखवतो. अकराव्या पिढीच्या आय-सेव्हन ११६५जी७ मध्ये ४ कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत, तर तेराव्या पिढीच्या आय-फाईव्ह १३३५यू मध्ये २ मोठे आणि ८ छोटे असे १० कोअर आहेत. नुसत्या नावावर जुना माल महाग विकला जातो, हे मला मनापासून खटकते.

तरीही वडिलांची शंका फिटेना, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. पैसा कष्टाचा होता. म्हणून जे मी एरवी करत नाही ते केले. त्या मॉडेलची वॉरंटी झाकण उघडल्याने जात नाही याची खात्री असल्यामुळे, विक्रीआधीच मी त्यांच्यासमोर नव्या लॅपटॉपचे झाकण काढले आणि दोन्ही मदरबोर्ड शेजारी-शेजारी ठेवले. एकीकडे सगळे चिकटवलेले. दुसरीकडे ८ जीबी रॅम सोल्डर केलेली, पण शेजारी रिकामा स्लॉट आणि साठवणीसाठी सुटी काढता येणारी ५१२ जीबीची एसएसडी. त्या मुलाने स्वतःच वडिलांना बोटाने दाखवले, "काका, माझ्यात हीच जागा नाही."

मुलीने विचारले, "यात नंतर मोठी रॅम बसते?" मी ८ जीबीची स्टिक तिरपी घालून खाली दाबली, क्लिप बसल्याचा आवाज झाला. "आता १६ झाली. पुढे गरज पडली तर ही काढून १६ ची लाव, म्हणजे २४."

वडिलांनी पैसे मोजले. बाहेर पाऊस कोसळत होता. लॅपटॉप आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत घालून तिने वरून रेनकोट चढवला आणि दोघे कदंबच्या बसस्थानकाकडे निघाले. मी त्या मुलाच्या फाईल्स पेनड्राईव्हवर उतरवायला घेतल्या.