शॉवर चालू असताना दुसरा नळ उघडला की

आज आई शॉवरखाली असताना स्वयंपाकघरातला नळ उघडला गेला आणि आतून हाक आली, "अगं, चटका बसला!" थंड पाणी एकदम कमी झालं, गरम मात्र तसंच येत राहिलं. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत त्वचा भाजतं, म्हाताऱ्या माणसांची तर आणखी लवकर. त्यामुळे दिवसभर मी याच प्रश्नाच्या मागे होते.

प्लंबरदादांचं म्हणणं पटलं. टाकी शॉवरच्या जेमतेम 3 मीटर वर. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो, म्हणजे आमच्या वाट्याला 0.3 बार. त्यात बाथरूम, स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन, सगळं एकाच बारीक पाइपवर! पाण्याचा वेग दुप्पट झाला की घर्षणात जाणारा दाब जवळजवळ चौपट होतो. मग शॉवरला उरणार काय?

पंप बसवा, असं बरेच जण सांगतात. मला आधी टाकीपासून बाथरूमपर्यंत वेगळी, जाड लाइन टाकणं योग्य वाटतं. (शॉवरची क्षाराने बुजलेली भोकं व्हिनेगरने मोकळी केली, तेवढ्यानेही धार सुधारली.)

पण सगळ्यात आधी थर्मोस्टॅटिक मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळून तापमान कायम ठेवणारा नळ. थंड पाणी घटलं की तो गरमही आपोआप कमी करतो. घेताना किमान किती दाब लागतो ते नक्की बघा, काही मिक्सर कमी दाबावर नीट चालत नाहीत. टाकीच्या पाण्यावर कोणी वापरत असाल तर अनुभव जरूर लिहा.